बोर्ड भरेपर्यंत

अख्ख्या राहुरी तालुक्यात आमच्या थोरल्या साडूंइतका सरळ माणूस झाला नाही आणि त्यांच्याइतका मूर्खही झाला नाही. ही दोन वेगळी माणसं असती तर मला एवढा संताप आला नसता. माझ्या बायकोच्या थोरल्या बहिणीचे, म्हणजे अक्कांचे, ते यजमान. देवळाली प्रवरेत त्यांचा लाऊडस्पीकरचा धंदा. लग्न असो, उरूस असो, निवडणूक असो नाहीतर आमच्या चर्चमधली नाताळची उपासना असो, लिंबाच्या झाडावर कर्णा चढवायला साडूच. ठरलेले पैसे घेण्याआधी त्यातले थोडे स्वतःच कमी करायचे आणि वर समोरच्याला म्हणायचे, "राहू द्या, तुमाला अजून आचाऱ्याला द्यायचं आसंल." एखाद्या गरिबाने एकच कर्णा सांगितला तर हे दोन बांधून यायचे, कारण पोरीचं लग्न आहे आणि अर्ध्या गावाला कळलंच नाही तर उपयोग काय! अक्का कपाळावर हात मारून घ्यायच्या. मीही मारून घ्यायचो, पण मी नगरला राहत असल्यामुळे मला ते रोज करावं लागत नसे.

पण हा झाला पोटाचा धंदा. त्यांचा खरा नाद म्हणजे जामीन राहणं. कुणाला पत्त्यांचा नाद असतो, कुणाला कबुतरांचा. यांना सह्यांचा होता. नव्वदीच्या सुरुवातीला आमच्या भागात पतसंस्थांचं पीक आलं होतं. गल्लीला एक पतसंस्था, प्रत्येक पतसंस्थेला एक चेअरमन आणि प्रत्येक कर्जाला एक जामीनदार. चेअरमन पुष्कळ मिळायचे, जामीनदार मिळत नव्हते. त्यामुळे म्हैस घेणारा, पिठाची गिरणी टाकणारा, शिलाई मशीन घेणारी, सगळ्यांची वाट साडूंच्या ओट्यावरून जायची. साडू कधी नाही म्हणाले नाहीत. सहीला जाताना इस्त्रीचा शर्ट घालायचे, केसांना तेल लावायचे, शाईचं पेन खिशाला अडकवायचे. सही करताना आधी पेनाच्या हवेतच दोन गिरक्या व्हायच्या, मग ते कागदावर उतरायचं, मग खाली आडवी रेघ आणि रेघेखाली दोन टिंबं. तोवर कारकून पुढचा कागद हातात धरून ताटकळायचा. सही झाली की कर्जदार बिचारा चहाला चला म्हणायचा. तो चहा साडूंनी आयुष्यात घेतला नाही. "जामीनदारानं कर्जदाराचा चहा पेला की सही पातळ हुती," असा त्यांचा सिद्धांत होता. उलट त्यालाच चहा पाजून ते घरी यायचे आणि दिवसभर छाती पुढे काढून हिंडायचे. गावात आपल्या नावावर पैसे मिळतात, याचा त्यांना जो आनंद होता तो पैसे मिळाल्याचा आनंद असणाऱ्यांना कळायचा नाही.

अशाच एका सहीने घात केला. राहुरी-देवळाली अशी प्रवासी वाहतूक करणाऱ्या एका जीपवाल्याला ते जामीन राहिले. या जीपवाल्याचं दाढीला साबण लावल्यासारखं गुळगुळीत बोलणं मला पहिल्या दिवसापासून आवडलं नव्हतं. त्याने चार-सहा हप्ते भरले, मग जीप विकली आणि बायकापोरांसकट नाशिककडे कुठेतरी पसार झाला. पतसंस्थेने साडूंना धरलं. साडूंनी जनरेटर विकला, चांगले कर्णे विकले, अक्कांच्या पाटल्या मोडल्या आणि दुसऱ्याचं कर्ज व्याजासकट फेडलं. पतसंस्थेने बेबाकीचा दाखला दिला. आता काही येणं नाही, असा शिक्क्यानिशी लेखी कागद. साडूंनी त्याला प्लॅस्टिकचं कव्हर घातलं आणि वरच्या खिशात ठेवला. इथवर मी समजू शकतो. माणसाने सही केली, माणसाने निस्तरली. माझा राग इथून पुढचा आहे.

त्या पतसंस्थेच्या दारावर, एसटी स्टँडच्या समोर, एक पत्र्याचा काळा बोर्ड होता. वर लाल अक्षरांत 'थकबाकीदार' आणि खाली पांढऱ्या ऑइलपेंटमध्ये नावं. कर्जदाराचं नाव आणि त्याच्याखाली जामीनदाराचं. एसटीची वाट बघणाऱ्या माणसाला दुसरं वाचायला काही नसायचं, त्यामुळे हा बोर्ड पंचक्रोशीला तोंडपाठ होता. पैसे भरल्याच्या दुसऱ्या दिवशी साडू अंघोळ करून बोर्ड बघायला गेले. नाव तसंच. आठवड्याने गेले. तसंच. महिन्याने मी देवळालीला गेलो तेव्हा मला बरोबर घेऊन ते मॅनेजरकडे गेले. मॅनेजर पान लावत होता. म्हणाला, "पुसणार ना साहेब. पण असं एकेक नाव पुसत न्हाईत. बोर्ड भरला का सगळा काळा करायचा अन् नवा लिहायचा, अशी पद्धत हाय. एका नावापायी पेंटर कोन बोलावनार?"

"पेंटरचे पैसे मी देतो," साडू म्हणाले.

"तसं न्हाई करता येत. थकबाकीदाराकडून पैसे घेऊन नाव पुसलं, आसं व्हईल."

"पन मी थकबाकीदार न्हाई!"

"मला म्हाईत हाय हो. म्या सोताच दाखला दिलाय तुमाला. पन बोर्डावर हाये ना."

मला त्याच्या पानाच्या डब्यासकट त्याला टेबलावरून खाली ओढावंसं वाटलं. खुन्यालासुद्धा कोर्ट आधी सांगतं की बाबा, इतकी वर्षं आत आणि मग बाहेर. इथे ज्याने गुन्हा केला नाही, वर दुसऱ्याचा दंडही भरला, त्याने किती वर्षं चव्हाट्यावर टांगून राहायचं, तर बोर्ड भरेपर्यंत! आणि बोर्ड कधी भरणार, तर आणखी माणसं बुडतील तेव्हा. म्हणजे माझ्या साडूंची अब्रू परत मिळायला दुसऱ्या दहा-बारा जणांची जायला हवी होती. हा हिशेब ज्याच्या डोक्यातून निघाला त्या चेअरमनला मी अजून माफ केलेलं नाही. आम्ही ख्रिस्ती माणसं रोज प्रार्थनेत देवाकडे ऋण सोडण्याचं मागणं करतो. देव सोडतो. मॅनेजर सोडत नाही.

आणि आता साडूंचा मूर्खपणा ऐका. बोर्डावर खाली चांगली हातभर जागा रिकामी होती. दुसरा कुणी असता तर घरात बसून लोक बुडायची वाट बघत राहिला असता. साडूंनी काय करावं? कुणाचे हप्ते थकलेत याची कुणकुण लागली की हे लुना काढून त्याच्या दारात हजर. "बाबा, काही बी कर, पन हप्ता भर. बोर्डावर लई वाईट दिसतं. पोरं शाळंत जाताना वाचत्यात." एका गिरणीवाल्यासाठी तर याच गृहस्थांनी त्याच्या भावाचे पाय धरले आणि हप्ता भरायला लावला. असे कितीतरी जण त्यांनी बोर्डावर चढण्यापासून वाचवले, आणि बोर्ड काही भरेना. "अहो, भरू द्या ना तो बोर्ड एकदाचा!" मी एकदा जेवताना ओरडलो. ताटातला घास खाली ठेवून ते म्हणाले, "पाव्हणं, आपलं नाव पुसायला दुसऱ्याच्या नावाचा बोळा करायचा व्हय?" मी अक्कांकडे बघितलं. अक्कांनी मला भाकरी वाढली.

गावाला मात्र दाखल्याशी देणंघेणं नव्हतं. हळूहळू ओट्यावर सह्या मागायला येणारी माणसं थांबली. समोरून येणारा माणूस ओळख देई, पण कर्जाचा विषय निघाला की दुसऱ्या जामीनदाराचं नाव काढी. साडूंना पैशाचं दुःख एका दिवसापुरतंही झालं नव्हतं, हे दुःख मात्र त्यांना आतून पोखरत होतं. मग त्यांनी नवीनच सुरू केलं. कुठल्याही कार्यक्रमाआधी माइक तपासायचा असतो. सगळे स्पीकरवाले आकडे म्हणतात. साडू माइकवर फुंकर मारायचे आणि म्हणायचे, "हॅलो, हॅलो. मी थकबाकीदार न्हाई. हॅलो." पहिल्यांदा हे एका लग्नात झालं आणि नवरीच्या वडिलांना वाटलं, हुंड्यावरून आपल्यालाच टोमणा मारला. मग लोकांना सवय झाली. नाताळच्या उपासनेत पाळकसाहेबांच्या आधी हे वाक्य व्हायचं आणि मागच्या बाकावरची मंडळी भक्तिभावाने 'आमेन' म्हणायची.

सगळ्यात कहर म्हणजे खुद्द त्या पतसंस्थेच्या वार्षिक सभेचा माइक साडूंचाच असायचा, कारण तालुक्यात सगळ्यांत स्वस्त तेच. एका वर्षी मीही तिथे होतो. साडूंनी नेहमीप्रमाणे "मी थकबाकीदार न्हाई" म्हणून माइक चेअरमनच्या हाती दिला, आणि चेअरमनने भाषण सुरू केलं. थकबाकीदारांना लाज वाटली पाहिजे, समाजाने त्यांना जाब विचारला पाहिजे, वगैरे. आणि हा आवाज चांगला खणखणीत जावा म्हणून माझे साडू खाली बसून मन लावून बटणं फिरवत होते! माझं डोकं फिरलं. मी उठलो आणि अॅम्प्लिफायरची वायरच उपटली. चेअरमन नुसताच तोंड हलवत राहिला. सभेला पहिल्यांदाच मजा वाटली. पण साडूंनी माझा हात बाजूला केला, वायर परत जोडली आणि चेअरमनची माफी मागितली. घरी येताना ते म्हणाले, "त्यांनी माझ्या नावाचं वाटोळं केलं म्हनून मी माझ्या माइकचं करू का?"

अशी चार-पाच वर्षं गेली. एके दिवशी मी ओट्यावर बसलेलो असताना तोच जीपवाला पेढ्यांचा पुडा घेऊन हजर झाला. अंगाने भरला होता, बोलणं तसंच गुळगुळीत. "दादा, चुकलो, पोटासाटी गेल्तो," म्हणत साडूंच्या पाया पडला आणि पाच मिनिटांत मुद्द्यावर आला. राहुरीच्या एका पतसंस्थेतून नव्या जीपला कर्ज काढायचं होतं. जामीनदार हवा होता. मी उभा राहिलो आणि त्याला जे बोललो ते इथे छापता येणार नाही. अक्का आतून लाटणं घेऊन आल्या. पण तेवढ्यात मी साडूंचा चेहरा बघितला. तो चेहरा फुलला होता. त्यांनी उठून पेनात शाई भरली.

"अहो, याने तुम्हाला बुडवलं!" मी म्हणालो.

"व्हय," साडू म्हणाले. "पन इतक्या वर्षांत सही मागाया तेवढा एकटाच आलाय."

दुसऱ्या दिवशी इस्त्रीचा शर्ट घालून, केसांना तेल लावून ते राहुरीला गेले. राहवलं नाही म्हणून मी बरोबर गेलो. तिथल्या मॅनेजरने नाव ऐकलं आणि कागद मागे सरकवला. "देवळालीच्या बोर्डावरचे तुमीच ना?" साडूंनी खिशातून दाखला काढून पुढे धरला. मॅनेजरने तो नीट वाचला, शिक्का बघितला. "दाखला खरा हाय," तो म्हणाला, "पन मग बोर्डावर नाव कसं? तुमी दुसरा जामीनदार आना." हे वाक्य तो साडूंना नाही, जीपवाल्याला म्हणाला. साडूंनी उघडलेल्या पेनाला टोपण लावलं. बाहेर आल्यावर त्यांनी सवयीने जीपवाल्याला चहा पाजला.

जीपवाल्याला नंतर दुसरा जामीनदार मिळाला म्हणे. बोर्डही एकदा भरला आणि काळा झाला, पण रंग इतका पातळ मारला होता की पावसाळ्यात जुनी अक्षरं खालून वर यायची आणि एसटीची वाट बघणारे ती कौतुकाने वाचायचे. माझा राग अजून गेलेला नाही, जायची इच्छाही नाही. पण राहुरीला सही नाकारली त्या वर्षी नाताळला मी देवळालीला गेलो. साडूंनी कर्णा बांधला, माइक हातात घेतला, फुंकर मारली. मागच्या बाकावरची मंडळी आमेन म्हणायला तयार होऊन बसली. साडू म्हणाले, "हॅलो. हॅलो." आणि माइक पाळकसाहेबांच्या हातात देऊन खाली जाऊन बसले.