सोललेल्या लसणाची लागवड

मी एकदा सोललेला लसूण लावला होता. लावला कसला, पुरला. होलसेलच्या दुकानात मिळते ती मोठी पिशवी, पांढऱ्याशुभ्र, बुडं कापलेल्या पाकळ्यांची. ती फ्रीजमधून काढली, चार-चार बोटांवर ओळीने मिशिगनच्या मातीत घातली, वर पाचोळा पसरला आणि घरी येऊन मोठ्या शेतकऱ्याच्या थाटात चहा मागितला.

तेव्हा आम्ही नोव्हायला राहत होतो. गावाने लोकांना भाजीपाल्यासाठी जमिनीचे तुकडे दिले होते. त्यातला एक, आमच्या पुण्याच्या हॉलएवढा, आमच्याकडे होता. उन्हाळ्यात तिथे मेथी, मिरच्या, दोडके काय काय व्हायचं. पण मला आज आठवते ती फॉलमधली, पानगळीच्या दिवसांतली आवराआवर. टोमॅटोची काळवंडलेली झाडं उपटायची, काठ्या गोळा करून बांधायच्या, पाण्याची नळी गोठायच्या आत रिकामी करायची. बोटं बधिर व्हायची आणि हातमोज्यांना दुसऱ्या दिवशीसुद्धा टोमॅटोच्या पानांचा तो उग्र वास यायचा. उरलेले हिरवे टोमॅटो बायको दाण्याचं कूट घालून चटणीत संपवायची. तरी उरायचेच. मग ते खिडकीत वर्तमानपत्रावर पिकत बसायचे, आणि येणारा प्रत्येक पाहुणा जाताना चार टोमॅटो घेऊन जायचा, हवे असोत वा नसोत.

शेजारच्या प्लॉटवर एक गोरे आजोबा असायचे. थर्मासमधली कॉफी पीत त्यांनीच मला सांगितलं, जमीन गोठायच्या आत लसूण लाव. बर्फाखाली झोपतो आणि जुलैत निघतो.

जुलै. अडचण तिथेच होती.

त्या वर्षी गाड्यांच्या धंद्याचं काही खरं नव्हतं. माझी नोकरी त्यातलीच, आणि आमचं प्रोजेक्ट डिसेंबरपर्यंत होतं. पुढचं विचारलं की मॅनेजर हवापाण्याच्या गप्पा सुरू करायचा. व्हिसा नोकरीला बांधलेला. नोकरी गेली की बाडबिस्तरा गुंडाळायचा. बायकोने न बोलता तयारी सुरू केली होती. तांदळाची मोठी पिशवी आणणं तिने बंद केलं. बाथरूममधला गळका नळ गळू दिला. लेकीचे बर्फातले बूट मागच्याच वर्षीचे, आत एक मोजा कमी घालून. पुढच्या वर्षासाठी आता काही करायचं नाही, असा घरात कायदाच झाला होता. म्हणून लसूण मी चोरून लावला. आणि सालासकट गड्डे टोपलीत मोजून असतात, फ्रीजमधल्या पिशवीकडे कोण बघतंय, असं मला वाटलं.

"अरे, फ्रीजमधला लसूण कुठाय?" आमटीची फोडणी तडतडत असताना बायकोने विचारलं.

"लावला."

"कशाला लावला?"

"कशाला नाही. जमिनीत. प्लॉटवर."

बायकोने गॅस बंद केला. "सोललेला? अरे, त्याचं बूड कापलेलं असतं. मुळं कुठून फुटणार, तुझ्या डोक्यातून?"

आठ वर्षांच्या लेकीने होमवर्कमधून मान वर केली. "बाबा, यू प्लँटेड ग्रोसरीज?" आणि ती टेबलावर डोकं ठेवून हसत सुटली. मीही हसलो. विषय टळला असं मला वाटलं.

"आणि निघतो कधी तो?" बायकोने विचारलं.

"जुलैत."

"पुढच्या?"

मी मान हलवली. बायकोने गॅस पुन्हा पेटवला. बिनलसणाची आमटी आम्ही गुपचूप जेवलो. टोमणा आला असता तर बरं वाटलं असतं.

दुसऱ्या दिवशी शनिवार. सकाळीच तिने टोपलीतले सालासकट गड्डे पिशवीत भरले आणि म्हणाली, "गाडी काढ." प्लॉटवर जाऊन पाचोळा बाजूला केला, माझ्या पाकळ्या एकेक करून उपसल्या आणि गड्डे फोडून नवीन लावायला बसली. मी मदतीला एक पाकळी खोचली, तर तिने ती उपटून उलटी केली. "टोक वर. एवढं तरी." लेक पाचोळा पसरत होती, जरा जास्तच, आमच्या डोक्यांवरसुद्धा. मावळत्या ऋतूचं ते पातळ ऊन पाठीवर होतं आणि बराच वेळ कुणीच घाईत नव्हतं.

नोकरी पुढे टिकली. लसूणही जुलैत निघाला, लहान गड्ड्यांचा, पण असा तिखट की चटणीने डोळ्यांत पाणी आलं. पण हे सगळं नंतरचं. त्या शनिवारी आम्हाला यातलं काहीच माहीत नव्हतं. गाडीत बसल्यावर बायको नखांतली माती काढत होती. देशी किराणा दुकानाचा सिग्नल आला तशी ती बाहेर बघतच म्हणाली, "इथे वळव. तांदूळ संपलाय. आणि मोठी पिशवी घे, सारखं सारखं कोण येणार!"