पाठीवरचा झोळा

थांबा, चहा मंग ठेवतो, अगुदर हे आयका. आज आमची नलू वावरात हासली.

नलू म्हंजे माही धाकली जाऊ. फुलसावंगीच्या शिवारात कापूस वेचाले तिच्यासारखा हात कोनाचा नाही. पोटाशी जुन्या लुगड्याच्या धडप्याचा झोळा बांधला का दुपारपर्यंत टम्म. पण उन्हाळ्यात, सातव्या महिन्यात, तिचं लेकरू पोटातच गेलं. दवाखान्यातून घरी आली तं जो तो म्हने, "इसर आता, दुसरं होईन." दुसरं होईन म्हने, जशी का झाडाची बोंडं आहेत. तिनं बोलनं सोडलं, जेवन सोडलं. विहिरीकडं गेली का माहा जीव खालीवर व्हायचा.

यवतमाळले नेलं तवा डॉक्टरीनबाईनं गोळ्या देल्ल्या अन् सांगतलं, "हा आजार आहे, नाटक नाही. तिले बोलू द्या."

पण ती बोलन तवा ना बाप्पा. दसऱ्यानंतर वेचनी लागली, नलू आली. झोळा भरत गेला तशी तिची नजर पोटावर. एकदम गाठ सोडली, कापूस तासात, दोन ओळींच्या मधात, सांडला अन् घराकडं पळाली. अर्धं पीक बोंडअळीनं आधीच खाल्लं होतं. आमच्या सासूबाई मैनाबाई तडकल्या, "असा सांडाले कापूस उरला आहे का?" मंग मीबी तडकलो. म्हटलं, "आत्याबाई, तिच्या पोटावर काय फुगून राह्यलं ते तं पाहा." त्यायनं आपल्या पोटावरच्या झोळ्याकडं पाह्यलं.

आज सकाळी नलू पुन्हा वावरात आली, पाह्यतो तं काय, आत्याबाईनं आपला झोळा पाठीवर बांधला. मंग म्या बांधला, मंग साऱ्या बायांनी. आता हात मागं पुरतो कोनाचा? कापूस अर्धा झोळ्यात, अर्धा मागच्या बाईच्या डोक्यात. चांगल्या म्हाताऱ्या बाया माकडावानी वळवळून राह्यल्या. नलूनं पाह्यलं अन् फस्सकन हासली. हासता हासता रडाले लागली.

"पोरगी होती," ती म्हने. "मले कोनं दाखोलीच नाही."

आत्याबाई तिथंच तासात बसल्या. "म्या पाह्यली. म्याच न्हाऊ घातलं तिले. नाक तुह्यासारखं होतं. केस लय दाट."

"मंग सांगतलं काहून नाही?"

"तुले तरास होईन म्हून."

नलू त्यांच्याजोळ सरकली अन् म्हने, "अजून सांगा."