आण्णांची गोळी आणि आईचा संशय

माझी आई एकेकाळी रोज दारातच नवऱ्याचं तोंड हुंगायची.

आज सकाळी ती गेली. लिहायला बसले तर पहिल्यांदा हेच आठवलं. हसू आणि रडू एकदमच आलं.

सत्तरच्या दशकातली गोष्ट. सोलापुरात शुक्रवार पेठेत आमच्या दोन खोल्या. वडील, म्हणजे आण्णा, गिरणीत मागावर. मूळचे आम्ही कुंभारीचे शेतकरी, पण शेतीवर भागेना.

आणि आई म्हणजे चालतंबोलतं पोलीस स्टेशन.

दूधवाल्यावर संशय, शेजारणीवर संशय. देवळात पुजाऱ्याने आपला नारळ बदलला, असाही संशय.

त्यात आण्णांना ब्लडप्रेशर निघालं. पेठेतल्या डॉक्टरांनी गोळी दिली. रोज सकाळी चहानंतर एक. म्हणाले, या एकाच गोळीत दोन औषधं आहेत. एक दाब उतरवतं, दुसरं अंगातलं जादाचं पाणी लघवीवाटे काढतं.

झालं. आईच्या कपाळाला आठी.

"दोन मिसळून का देत्यात? एक तरी खराब असणारच. नव्या पेठंत चांगल्या तांदळात कणी मिसळत्यात, तसलंच हे."

"आगं, डॉक्टर हाय त्यो, वाणी न्हाय."

"बगू की."

थोडे दिवस बरे गेले. मग आण्णा कधी कधी भिंतीला धरून घरी यायला लागले. डोळे जड, पायात गोळे, घशाला कोरड. बसल्या जागेवरून उठले की झोकांडी जायची.

आईने निदान केलं. दारू.

तोंड हुंगलं. वास नाही.

"विलायची खाऊन येताय व्हय?"

विलायचीचाही वास नाही. त्यामुळे तर संशय पक्काच झाला. वास न येणारी पितो म्हणजे किती मुरलेला असेल!

मग खिसे तपासले, डबा हुंगला, बरोबरच्या कामगारांच्या बायकांकडे आडून आडून चौकशी झाली. आण्णांनी जन्मात थेंब घेतला नव्हता. ते बिचारे म्हणाले, "पोरीची आण घेतो."

आई म्हणाली, "पिणारेच आणा घेत्यात."

त्यानंतर आण्णा घरात बोलेनासे झाले. जेवायचे, झोपायचे, गिरणीत जायचे. मला ते घर नकोसं झालं होतं.

आईचं माहेरही कुंभारीच. शेवटी तिने तिथून मामाला बोलावलं. ट्रंक भरली. मला म्हणाली, "आपून मामाकडं राहायचं. कायमचं." मी ट्रंकेवर बसून रडत होते.

दुपारी मामा आला. कामावरून आलेले आण्णा जरा पडले होते. पाहुणा दारात म्हणून झटकन उठले.

"या पाव्हणं," म्हणाले आणि तसेच उंबऱ्यावर कोसळले.

कपाळ फुटलं. आईने त्यांचं डोकं मांडीवर घेतलं आणि अशी ओरडली की अख्खी गल्ली गोळा झाली. त्या दिवशी तिने तोंड हुंगलं नाही.

टांग्यात घालून दवाखान्यात नेलं. डॉक्टरांनी दाब मोजला आणि दचकले. फारच खाली गेला होता.

"गोळी किती घेता?"

"पाळीला एक," आण्णा म्हणाले.

"पाळीला म्हणजे?"

"मागावर हुबं राहायचं म्हंजी दाब चढणार की. म्हणून कामावर जाताना एक. काल बदलीवाला आला न्हाय, डबल पाळी केली. मग दुसऱ्या पाळीची येगळी."

"आणि सुट्टीच्या दिवशी?"

"सुट्टीला कशाला? काम न्हाय, तर गोळी न्हाय."

डॉक्टर डोक्याला हात लावून बसले.

"अहो, गिरणीची पाळी बदलते, शरीराची बदलत नाही. एक गोळी जास्त घेतली की तिच्यातली दोन्ही औषधं दुप्पट होतात. दाब खाली जातो, पाणीही निघून जातं. मग चक्कर येणार नाही तर काय? आणि सुट्टीला सोडली की दाब परत वर."

आई भिंतीला टेकली होती.

"म्हंजी दारू न्हवती?"

"दारू कुठली!"

आई तोंडाला पदर लावून रडली. मी तिला तोवर रडताना पाहिलंच नव्हतं. आण्णा झोपल्या झोपल्या म्हणाले, "आता तरी ट्रंक उघड."

तिने डोळे पुसले आणि डॉक्टरांची उलटतपासणी सुरू केली.

"इसरली तर?"

"त्याच दिवशी आठवली तर घ्या. दुसरा दिवस उजाडला तर राहू द्या. दोन मिळून कधीच नाही."

"बरं वाटाय लागलं तर?"

"तरी मला विचारल्याशिवाय बंद नाही. आणि उठताना आधी जरा बसायचं, मग उभं राहायचं. दुसरं काही घ्यायचं असेल, काढा असो की चूर्ण, आधी मला दाखवा."

मामाने गावाहून आणलेली चूर्णाची पुडी गुपचूप परत खिशात घातली. आईच्या नजरेतून ते सुटलं नाही.

दुसऱ्या दिवसापासून गोळ्या आईच्या ताब्यात. सकाळचा चहा, मग गोळी, मग हुकूम: "जीभ वर करा, बगू." आण्णा निमूट जीभ वर करायचे. पहिली पाळी असो की रातपाळी, सुट्टी असो की दिवाळी.

गिरणी बंद पडली, माझं लग्न झालं, नातवंडं झाली. आण्णा सगळं बघून गेले. एवढं जगले ते माझ्या आईच्या संशयी स्वभावामुळे, असं मी आज छातीठोकपणे सांगते.

पुढे आईलाही बीपी निघालं. माझ्याकडे राहायला आली आणि आरोपी बदलला.

"काल पिवळी हुती, आज पांढरी कशी?"

"कंपनी बदलली गं."

"डॉक्टरला इचारलीस? फोन लाव माझ्यासमोर."

मी चिडायची. पण फोन लावायची.

काल सकाळी मी गोळी पुढे केली. आईने तोंड उघडलं. गोळी घेतली, पाणी प्याली आणि कूस बदलली.

काही म्हणजे काही विचारलं नाही.

मी म्हटलं, "आई, इचार की गं कायतरी."

तिने नुसता माझा हात थोपटला.

मी स्वयंपाकघरात जाऊन रडले. मला तेव्हाच कळलं होतं.

येते म्हण आई, जाते म्हणू नकोस.

तुझ्या लेकीचा तुला अखेरचा नमस्कार.