सुला सिस्टरांची कागदी पाकिटं

आटपाडीकडच्या एका वस्तीवर मेंढरं राखणाऱ्या कोंडीबा पुकळेंची मुलगी सुला. बाप कौतुकानं सांगायचा, "मेंढरू व्यायला अडलं तर आमच्या आधी हिचा हात पुढं. म्हनून हिला नर्सच केली." मामाकडं राहून ती शिकली, सरकारी नोकरीला लागली आणि सगळ्यांची सुला सिस्टर झाली.

नोकरीच्या सुरुवातीच्या वर्षांत एका आईनं आपल्या मुलीला दवाखान्यात आणलं. मुलीवर बलात्कार झाला होता. डॉक्टरांनी तपासलं आणि सुलानं तिचे ओले कपडे प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून घट्ट गाठ मारली. तेव्हा तिला तेच बरोबर वाटलं. पिशवी उन्हाळ्यात आठवडाभर पडून राहिली. प्रयोगशाळेतून अहवाल आला, कपड्यांना बुरशी लागल्यानं तपासणी शक्य नाही. आरोपी सुटला.

सुलाला कोणीच काही बोललं नाही. बुरशी आपण मारलेल्या त्या गाठीमुळं लागली, हे तिला दोन वर्षांनी सांगलीच्या एका प्रशिक्षणात कळलं. कपडे सावलीत वाळवायचे, प्रत्येक कपडा वेगळा, तोही कागदी पाकिटात, असं शिकवत होते. त्या दुपारी ती जेवली नाही. मागच्या बाकावर बसून तिनं शिकवलेलं सगळं पुन्हा स्वच्छ अक्षरात उतरवून काढलं.

पुढं बदली होऊन ती पलूसच्या बाजूच्या एका ग्रामीण रुग्णालयात आली. तिथं तिनं एक कपाट मागून घेतलं. त्यात कागदी पाकिटं, ती सील करायला लाख, लेबलं आणि खालच्या कप्प्यात धुतलेल्या चार साड्या, परकर, झंपर. साड्या कशाला, असं सगळे विचारायचे.

तीन वर्षांपूर्वी मार्चमधल्या एका सकाळी तिशीतली एक बाई सासऱ्यासोबत आली. तिचं नाव इथं सांगायचं नाही. उसाच्या मळ्यात तण भांगलायला गेली असताना मालकाच्या पुतण्यानं तिच्यावर जबरदस्ती केली होती. नवरा त्याआधी दोन वर्षं वारलेला. सासरे नाथाजी दाराशी डोक्याला हात लावून बसले.

खिडकीवरच्या कारकुनानं सांगितलं, "आधी पोलिसांची चिठ्ठी आणा."

सुला आतून बाहेर आली. "चिठ्ठी लागत नाही. पोलिसांना आपण कळवायचं. तुम्ही फोन लावा, मी पेशंटला आत घेते."

आत गेल्यावर बाई म्हणाली, "सिस्टर, मला आदी आंगूळ करायची हाय."

"व्हय गं, करायचीच हाय. गरम पानी मीच काढून देते. पर तपासनी झाल्यावर. आत्ता धुतलं तर जे घावायचं ते वाहून जाईल."

"मला कोरटात न्हाई जायाचं."

"पोलिसांना कळवनं आमाला भाग हाय. पर जबाब द्यायचा का न्हाई, ते तू ठरव. तपासनीलाबी तू हो म्हनलीस तरच. मधीच थांब म्हनलीस तर आमी थांबनार. पर आज घेतलं न्हाई, तर उद्या घेऊ म्हनून मिळायचं न्हाई."

सुलानं संमतीचा कागद पुढं ठेवला. बाईनं सही करायला हात पुढं केला.

डॉक्टर सोनिया नोकरीला लागून चारच महिने झाले होते. अशी तपासणी त्यांनी कधी केली नव्हती. त्यांना मिळालेला फॉर्म जुना होता. बाई आधीपासून संबंधांना सरावलेली आहे का, हे ठरवणारी एक तपासणी त्यात छापलेली होती. सुलानं त्या ओळीवर बोट ठेवलं. "मॅडम, हे करायचं नाही. बंदी आहे." आणि तिनं कपाटातून नवा फॉर्म काढून दिला.

पुढचं काम दोघींनी सावकाश केलं. प्रत्येक वेळी आधी सांगायचं, विचारायचं, मग हात लावायचा. एकदा बाईनं "नगं" म्हटलं, तेव्हा त्या थांबल्या. सगळी नोंद झाली. गर्भ राहू नये म्हणून गोळी, संसर्गाची औषधं दिली. कपडे बंद खोलीत दोरीवर वाळत घातले. मग बाईनं आंघोळ केली आणि कपाटातली हिरवी साडी नेसली.

दुपारी हवालदार आकाराम आले. "सिस्टर, एकाच पिशवीत द्या की समदं. न्यायला सोपं."

"आठ पाकिटं आहेत, आठही मोजून घ्या. आणि पोच लिहून द्या."

त्यांनी दिली. मग बाईनं स्वतःच ठरवून, तपासणीच्या खोलीत, सुलाला शेजारी बसवून, हवालदारांसोबत आलेल्या महिला पोलिसाला जबाब दिला.

नंतर मळ्याच्या मालकाकडून दोनदा माणसं आली. मिटवून घेऊ म्हणाली. नाथाजींनी दोन्ही वेळा त्यांना उंबऱ्याबाहेरूनच परतवून लावलं.

खटला दोन वर्षांनी सांगलीत उभा राहिला. साक्षीला सुला पांढऱ्या साडीत गेली. आरोपीच्या वकिलानं विचारलं, "कपडे अडीच तास तुमच्याकडे होते. मधे कुणी बदलले नाहीत कशावरून?"

"खोलीला अकरा दहाला कुलूप लावलं, एक चाळीसला उघडलं. दोन्ही वेळा डॉक्टर सोबत होत्या. किल्ली माझ्याकडं. नोंदवही हजर आहे."

"तुम्ही तिला साडी दिलीत. म्हणजे तुम्ही तिच्याच बाजूच्या."

"साहेब, तिचे कपडे मी पुराव्यासाठी काढून घेतले होते. मग काय नेसून घरी जाणार होती ती?"

वकील पुढच्या प्रश्नाकडं वळले.

प्रयोगशाळेचा अहवाल स्पष्ट होता. आरोपीला दहा वर्षांची शिक्षा झाली. त्यानं उच्च न्यायालयात अपील केलं आहे, ते अजून चालू आहे. बाई आता वडूजला बहिणीकडं राहते, शिवणकाम करते. निकालानंतर तिनं सुलाला फोन केला. "लय दमलेय सिस्टर," ती म्हणाली. "आता झोप येती."

सुला सिस्टरांच्या निवृत्तीला सहा वर्षं आहेत. महिन्यातून एकदा त्या आजूबाजूच्या दवाखान्यांतल्या नव्या नर्सना शिकवतात. मागच्या महिन्यात एका मुलीनं विचारलं, "मॅडम, त्या वेळी आपलेच हात थरथरले तर?"

"थरथरू देत," त्या म्हणाल्या. "लेबलावर वेळ मात्र नीट लिही."