काकती कुठल्या खिडकीत?

हसायचं असेल तर माझ्याकडं बघून हसा, आमच्या आईला मधे आणू नका. कारण त्या दिवशी जी अब्रू गेली ती एकट्या माझी!

गोष्ट इंग्रजांच्या अमदानीतली, दुसऱ्या महायुद्धाच्या आधीची. मी तेव्हा खानापूरच्या शाळेत मास्तर होतो. भूगोल शिकवायचो. मग दिशा म्हणजे काय हे मला कुणी सांगायचं?

त्या साली बेळगावाबाहेरच्या माळावर एक विमान आलं. तिकीट काढलं की दहा मिनिटं आभाळात फिरवून आणायचं. आईच्या कानावर गेलं मात्र, म्हणाली, "काकतीवरनं जातंय काय रं ते?"

काकती तिचं माहेर, बेळगावाला लागूनच. मामानं पोराच्या लग्नाचं आवतण गड्याच्या हाती धाडलं, स्वतः आला नाही. झालं! आईनं शपथ घेतली, त्या गावात पाय ठेवणार न्हाय. पंधरा वर्षं ठेवला नव्हता. मला तर मामाचं तोंडसुद्धा आठवत नव्हतं.

"अगं, पण शपथ?"

"पाय ठेवणार न्हाय म्हटलंय. वरनं बघणार न्हाय असं कुठं म्हटलंय?"

मी तिला घेऊन बेळगाव गाठलं.

सकाळपासून माळावर उभा राहून मी अभ्यास केला. वारा पश्चिमेचा. विमान वाऱ्याच्या तोंडाला पळत सुटायचं, उडालं की काकती उजव्या हाताला. म्हणजे उजवी खिडकी!

आमची पाळी आली. आत चार जागा, दोन हिकडं, दोन तिकडं. बघतो तर उजव्या खिडकीत पांढऱ्या मिशांचा, पटका बांधलेला एक म्हातारा ठाण मांडून बसलेला.

"अण्णा, जरा पलीकडं सरका."

"का म्हणून? सकाळपास्नं बघतोय मी. काकती ह्याच अंगाला दिसतीया."

"आमच्या आईचं माहेर हाय काकती! पंधरा वर्सं झाली, गेली न्हाय ती. तुमचं काय अडलंय तिथं? उठा!"

म्हाताऱ्यानं मान वळवली. धुळीमुळं तोंडावर पदर घेऊन खाली उभ्या असलेल्या आईकडं बघत राहिला. मग उठला आणि डावीकडं जाऊन बसला. मी मनात म्हटलं, मास्तरकीचा दरारा!

आईला उजव्या खिडकीत बसवलं, शेजारी मी. चौथं कुणी नव्हतं. इंजिन धडधडायला लागलं आणि नेमका तेवढ्यात वारा फिरला. विमान हाकणाऱ्या साहेबानं ते वळवलं आणि उलट्या दिशेला पळवलं!

आम्ही वर, विमान डावीकडं, काकतीच्या अंगाला कललेलं. आईच्या खिडकीत काय? आभाळ! नुसतं आभाळ.

"कुठं हाय रं काकती?"

काय सांगू? पंधरा वर्षांनी आलेली दहा मिनिटं, आणि ती मी चुकीच्या खिडकीत बसवली. 

तेवढ्यात पलीकडून म्हातारा ओरडला, इंजिनापेक्षा मोठ्यानं. "बायडे! हिकडं ये!"

आईनं पदर मागं टाकला. तिला बायडे म्हणणारा माणूस जगात एकच होता. ती उठली, धडपडत त्याच्या शेजारी जाऊन बसली. "त्यो बघ डोंगर. ती आपली विहीर. त्यो चिंचेचा शेंडा."  आई खिडकीला कपाळ लावून बघत होती आणि रडत होती. मी उजवीकडं एकटा, आभाळ बघत.

खाली उतरल्यावर मामा म्हणाला, "त्या येळी मीच यायला पायजे होतं, बायडे. चल आता घरी." एवढंच. आई निमूट त्याच्या बैलगाडीत चढली. मी मामाच्या पाया पडायला वाकलो तर आईनं कासरा माझ्या हातात दिला. "हाण गाडी."

दोघं मागं बसून काकतीपर्यंत बोलत होती. माझ्याशी एक शब्द नाही.

दारात मामी भाकरतुकडा घेऊन आली. आईवरून ओवाळला, डोळे पुसले, मग माझ्याकडं बघून विचारलं, "वन्सं, ह्यो कोण वं?"

आई उंबऱ्यात पाय ठेवत म्हणाली, "गाडीवान असंल. त्याला भाईरच बसवून च्या दे."