अमरकंदाला रोज पाणी

आमच्या बाबांच्या पोटात काही म्हणून राहायचं नाही. शहरालगतच्या रिजच्या जंगलात, कीकर-बाभळींच्या सावलीत मला रानटी ऑर्किड, म्हणजे आपला अमरकंद, सापडलाय हे त्यांनी ऑफिसात साहेबांना जागेसकट सांगून टाकलं. लेकीचं कौतुक, दुसरं काय!

मी तेव्हा बी.एस्सी.ला होते. तीन वर्षं त्या सात रोपांवर लक्ष ठेवून होते. अमरकंदाचं बी म्हणजे नुसती धूळ, सोबत शिदोरीसुद्धा नाही. मातीतली एक बुरशी त्याला भरवते तेव्हा कुठे ते रुजतं, आणि पहिलं फूल यायला वर्षं जातात. त्या मे महिन्यात पहिल्यांदाच एका दांड्यावर शेंग धरली होती. ती पिकून फुटावी, बी आसपास उडावं, एवढीच माझी आस होती.

पुढच्या रविवारी गेले तर सात खड्डे! साहेबांनी माळी पाठवून सगळे कंद उपटून नेले होते. तडक बंगल्यावर गेले. सातही कुंड्यांत होते, पण शेंग नव्हती. "वो हरी-सी चीज़? काट दी," माळी म्हणाला. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. बाबा म्हणाले, "जाऊ दे गं, साहेब आहेत ते."

पावसाळ्यात कुंड्यांत पानं आली. नोव्हेंबरात ती पिवळी पडली, तसं साहेबांनी मला बोलावून घेतलं. "बेटा, ये तो मर रहे हैं. क्या करें?"

मरत कुठले! पानं टाकून कंद मातीखाली झोपायच्या बेतात होते. उन्हाळ्यापर्यंत कोरडे ठेवायचे, बस. मी गोड हसले. "अंकल, रोज पानी दीजिए. गोबर की खाद भी डालिए." कुजू देत, मनात म्हटलं. तुमच्या बंगल्यात फूल आलं तर नाव बदलीन!

फेब्रुवारीत साहेबांची बदली झाली. एका सकाळी ते स्वतः आमच्या क्वार्टरच्या दारात आले. मागे माळी, हातगाडीवर सात कुंड्या.

"बेटा, ये तुम्हारे ही थे. मुझे उखाड़ने नहीं चाहिए थे. वापस जंगल में लगा दो. तुमने जैसा कहा था, एक दिन नागा नहीं किया."

बाबांचा चेहरा फुलला. मी कुंडीत बोटं खुपसली. कंदाचा लगदा हाताला लागला, घाण वास आला. दुसऱ्या कुंडीत तेच, सातवीतही तेच.

"थँक यू, अंकल," म्हणाले मी.

लोक म्हणतात, माफी मागितली की राग जातो. माझा दुप्पट झाला. मेल्याला हे चार महिने आधी नाही सुचलं!