मामा आणि पाण्याचा नाग

कॅनडातल्या अख्ख्या मार्कहॅममध्ये मातीच्या भांड्याला सीटबेल्ट लावणारा माणूस एकच, आणि तो नेमका माझा मामेसासरा. हिचे हे मामा. विंडसरच्या मोटार कारखान्यात दारांच्या फटी मोजण्यात उभा जन्म गेला. निवृत्तीनंतर मामींबरोबर न्यू मेक्सिकोला फिरायला गेले आणि तिथल्या पुएब्लो या आदिवासी जमातीतल्या एका आजीबाईंनी घडवलेलं कोरीव काळं भांडं घेऊन आले. त्याला मडकं म्हटलेलं खपत नसे. पाहुण्याला आधी हातातल्या अंगठ्या काढायला लावत आणि मग सुरू होत, "हा पाण्याचा नाग. पावसासाठी कोरतात. जीभ म्हणजे वीज, वरच्या पायऱ्या म्हणजे ढग. टेम्प्लेट नाही, पट्टी नाही, नुसत्या नजरेनं! मी कॅलिपर लावून मापं चेक केलीत. आमच्या प्लँटमध्ये एकाला जमलं नसतं." माती खणण्याआधी आजी चिमूटभर मक्याचं पीठ वाहून तिची परवानगी कशी घेतात, भाजताना आगीवर वाळलं शेण लोटून त्या धुरानं भांडं काळं कसं करतात, हे सगळं ऐकल्याशिवाय चहा मिळत नसे.

मामींचं वर्षश्राद्ध झाल्यावर मामांनी घरी सत्यनारायण घातला. पूजेला आम्ही दोघं बसणार होतो. गुरुजींना पुढे ब्रॅम्प्टनला जायचं होतं, मामा बाहेर ड्राइव्हवेवरचा बर्फ उपसत होते, आणि मामींचा तांब्याचा कलश काही केल्या सापडेना. माझी नजर शेल्फवर गेली. पाण्याचाच नाग, त्याला पाण्याची कसली हरकत, असं दिव्य शहाणपण मला सुचलं. गळ्यापर्यंत पाणी, सुपारी, पानं, वर नारळ. मंत्र सुरू झाले. मामा बूट काढून आत आले आणि दारातच थिजले.

"अरे, त्याला ग्लेझचा लेप नसतो! ती चमक नुसती गोट्यानं घासून आलेली. पाणी मुरलं की संपलं!"

मी धडपडत उठलो. गुरुजींनी हात आडवा केला. "कलशावर आवाहन झालंय. आता उत्तरपूजेपर्यंत हलवायचा नाही. पण काका, भांडं तुमचं. तुम्ही सांगा, काढू?"

मामांनी हातानंच 'चालू द्या' अशी खूण केली. दुखरे गुडघे मोडून खाली बसले. कथेचे पाच अध्याय इतके लांब असतात हे मला त्या दिवशी कळलं. भांड्याच्या बुडाशी ओल उमटली, मग हळूहळू वर चढू लागली. काळं कोरीवकाम डोळ्यांदेखत करडं पडत होतं. हिनं मला चिमटा काढला. मामांची पापणी हलत नव्हती.

आरती झाली, उत्तरपूजा झाली. मामांनी भांडं दोन्ही हातांनी उचललं, पाणी तुळशीला घातलं आणि मामींच्या शालीनं ते टिपून घेतलं. अर्ध्या नागाची चमक गेली ती गेलीच. मी माफी मागायला लागलो, तर त्यांनी मानेनंच नको म्हटलं.

"तुझी मामी दरवर्षी मागायची रे हे कलशाला. म्हणायची, देवापुढे किती शोभेल. मी एकदाही दिलं नाही."

यंदा मी पूजेला नवा कोरा कलश विकत घेऊन गेलो. मामांनी तो बाजूला ठेवला, शेल्फवरून तेच भांडं काढलं आणि आपल्या हातानं गळ्यापर्यंत पाणी भरलं.